शमुवेलच्या नावाचा पेला

कसबा बावड्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीचा आंबूस वास घराघरांत शिरतो. तबीथाबाई आवळे यांच्या घरात मात्र महिन्यातून एक दिवस त्या वासाचं काही चालत नसे. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभूभोजन असायचं. भाकरीचा एक तुकडा आणि चांदीच्या एकाच पेल्यातला एकेक घोट सगळ्या मंडळीनं वाटून घ्यायचा. त्या पेल्यातला रस गेली बावीस वर्षं तबीथाबाई करत होत्या. शुक्रवारी रात्री काळे मनुके भिजत घालायचे, शनिवारी मंद आचेवर ते फुटेपर्यंत उकळायचे आणि धुतलेल्या पंच्यातून पिळून काढायचे. त्यासाठीचं पातेलंसुद्धा वेगळं होतं. त्यात कधी चहासुद्धा झाला नाही. त्यांच्या सासूला हे एका मिशनच्या मडमेनं शिकवलं होतं आणि सासूनं त्यांना.

सन नव्व्याण्णवच्या डिसेंबरचा पहिला रविवार तीन दिवसांवर आला होता. तबीथाबाईंनी मनुके आणून ठेवले होते. निवडताना त्यांचं लक्ष मात्र आतल्या खोलीकडे होतं. तिथं त्यांची सून एस्तेर भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळची भाकरी ताटात तशीच होती. कोपरा तेवढा मोडलेला.

तबीथाबाईंचा एकुलता एक मुलगा शमुवेल शिरोलीच्या एका फौंड्रीचा माल ट्रकनं हुबळी-पुण्याला पोचवायचा. वर्षभर तो झिजत गेला आणि ऑगस्टमध्ये गेला. कशानं गेला ते थोरल्या सरकारी दवाखान्यात दोघी सासूसुनांना एकदमच कळलं. मग एस्तेरचं रक्त तपासलं, आणि तिलाही तेच निघालं. ती सव्वीस वर्षांची होती. पोर नव्हतं. तेवढं तरी बरं, असं बायका तिच्या तोंडावर म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दोघींना बसवून नीट समजावलं. एचआयव्हीचा हा आजार हात लावल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, उष्ट्या पेल्यानं होत नाही. औषधं निघाली आहेत, पण आज ती आपल्या आवाक्यातली नाहीत. मुलगी मात्र अंगानं धड आहे. पोटभर खाल्लं तर पुष्कळ वर्षं काढेल, आणि तोवर औषधं स्वस्तही होतील. तबीथाबाई तीस वर्षं बालवाडीच्या बाई होत्या. त्यांनी प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवली, एखाद्या हुशार मुलीसारखी.

पण एस्तेरनं खाणंच सोडलं होतं. रोज थोडं थोडं, कुणाच्या लक्षात येऊ नये असं. अर्ध्या भाकरीवरून ती चतकोरावर आली होती. चर्चला तर ती शमुवेलला पुरल्यापासून गेलीच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ वर्षं म्हटलं होतं, आणि ही पोरगी ती वर्षं नको म्हणत होती. तबीथाबाईंना रात्रंदिवस हीच भीती खात होती.

गुरुवारी दुपारी हंबीरराव आले. ते साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, चर्चच्या कमिटीवरचे वडील, म्हणजे मंडळीचे एक पुढारी. प्रभूभोजनाला बायकांच्या बाजूला पेला फिरवायचं काम त्यांचंच. माणूस तोंडानं फटकळ, पण आज दारातच घुटमळला.

"बसू का, तबीथाबाई?"

"बसा की. विचारताय काय?"

ते खुर्चीच्या कडेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली.

"रविवारचं बोलायला आलोय. ह्या खेपेला रस चिमणाबाई करणार हाय. कमिटीत ठरलंय."

"का? माझ्या हाताला काय झालं?"

"तुमच्या हाताला काय व्हयाचं हाय?"

"मग सरळ बोला की. जन्मभर चाबूक ओढल्यासारखं बोलत आलाय. आजच का गुळमुळीत?"

हंबीररावांनी मान वर केली. "बरं, सरळ बोलतो. लोक भ्यालेत. मी बी भ्यालोय, लपवू कशाला? एस्तेरला कुणी येऊ नको म्हणत न्हाय. खुशाल यावं. फकस्त शेवटच्या बाकड्यावर बसावं. पेला समद्यांचा झाला की तिच्याकडं न्हेतो. म्हंजे कुणाची अडचण न्हाय."

"उकळलेल्या रसाचीसुद्धा भीती वाटती तुम्हाला?"

"उकळलेल्याची न्हाय. घराची वाटती."

तबीथाबाई उठून उभ्या राहिल्या. "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी तुम्हाला शब्दान्‌शब्द सांगितलं होतं."

"सांगितलं हुतं की. मला समजलं बी. पर समजलं म्हणून भ्या जातंय व्हय?"

"हंबीरराव, माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर वरून ओंजळीत पाणी घालायचे. चहाच्या दुकानात त्याची कपबशी बाहेर वळचणीला असायची. तुमचा आजा पाटलाच्या भावकीतला. दोघं ख्रिस्ती होऊन एका पेल्यातनं प्याले आणि दोघांनाबी गावानं वाळीत टाकलं. त्या पेल्याचं आपण खातोय आजवर. आणि आता त्याच पेल्याला तुम्ही आधीची माणसं आणि नंतरची माणसं लावताय? रविवारच्या शाळेत लेकरांना मी काय शिकवू? सांगा की!"

तबीथाबाईंना आणखी बोलायचं होतं. राग आला की माणसाला आपलं बोलणं फार खरं वाटायला लागतं. तेवढ्यात आतून एस्तेर आली. कुणी न सांगता ताटलीत पाण्याचे दोन पेले घेऊन आली. एक पाहुण्याला, एक सासूला. आठवड्यात ती पहिल्यांदाच माणसांसमोर आली होती. तबीथाबाईंना बरं वाटलं. आणि मग त्यांची नजर ताटलीवर गेली.

दोन पेल्यांतला एक शमुवेलचा होता. त्याच्यावर नाव घातलेलं होतं, 'चि. शमुवेल यास मामाकडून सप्रेम भेट, १२-५-९४.' लग्नात आलेला स्टीलचा पेला. हंबीररावांनी हात पुढं केला तो नेमका त्याच पेल्याकडे.

"थांबा, त्यातनं नको!"

शब्द तोंडातून गेले त्याच्याही आधी तबीथाबाईंचा हात गेला होता. त्यांनी तो पेला उचलून मागच्या खिडकीत ठेवला. पाणी हिंदकळून पदरावर सांडलं.

बाहेर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत गेला. त्याचा आवाज लांब जाईपर्यंत तिघंही तशीच होती.

शमुवेलला पुरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तबीथाबाईंनी तो पेला एस्तेरच्या हातात दिला होता. "तुझ्या नवऱ्याच्या नावाचा हाय, तुझ्याकडंच असू दे," असं म्हणाल्या होत्या. म्हणताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्या दिवसापासून एस्तेर त्याच पेल्यातून पाणी पीत होती, चहाही त्यातूनच. तो पेला तबीथाबाई शेवटी घासायच्या, आणि फळीवर ठेवायच्या तो इतर पेल्यांपासून वीतभर लांब. हे आपण मायेनं करतोय, असं त्यांनी स्वतःला चार महिने सांगितलं होतं.

हंबीररावांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ते नुसते उठले. दुसऱ्या पेल्यातलं पाणी उभ्या उभ्या प्याले. "येतो," म्हणाले. पायरीवर थांबून, मागं न बघता, हळू आवाजात म्हणाले, "भ्या समद्यास्नीच हाय, तबीथाबाई." आणि गेले.

एस्तेर ताटली घेऊन आत गेली.

शुक्रवारी मनुके डब्यातच राहिले. घरात दोघी जणी चालत होत्या, भांडी वाजत होती. संध्याकाळी तबीथाबाई प्रार्थनेला बसल्या. त्यांची प्रार्थना साऱ्या मंडळीत नावाजलेली होती. कुणाच्या घरी दुखणं असो की बारसं, त्यांनाच प्रार्थना करायला सांगत. त्या दिवशी मात्र सवयीची दोन वाक्यं झाली आणि पुढचं सुचेना. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "प्रभू, मला भीती वाटते." आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. त्याच्या पुढं काही आलं नाही. आमेनसुद्धा म्हणायचं राहिलं.

शनिवारी अकरा वाजता घरीही गोष्टीची वेळ असायची. सोप्यात सतरंजी टाकली की गल्लीतली पोरं येत, ख्रिस्ती आणि बाकीचीही. पावसाळ्याआधी चौदा यायची. आता दोन राहिली होती, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची नऊ वर्षांची रक्षिता आणि तिची धाकटी बहीण.

"मावशी, आई म्हणाली, गोष्ट ऐकायला हरकत न्हाय. पर तिथलं पाणी प्यायचं न्हाय," रक्षितानं बसता बसता सांगून टाकलं.

"बरं."

"आणि खाऊ बी न्हाय. पर कागदातला असंल तर चालंल. हे आई न्हाय म्हणाली, मीच म्हणतीया."

तबीथाबाईंना एरवी हसू आलं असतं. त्यांनी दोघींना कागदातली एकेक गोळी दिली आणि ठरलेली गोष्ट सुरू केली. ती कुष्ठरोग झालेल्या माणसाची होती, आणि नेमकी त्याच शनिवारच्या पाळीत आली होती. गावाबाहेर राहणारा तो माणूस. कुणी समोरून आलं तर आपणच ओरडून सांगायचं, मी अशुद्ध आहे, लांब व्हा. एक दिवस तो धीर करून येशूच्या पायांशी आला. येशूनं त्याला हात लावला, आणि तो बरा झाला. तीस वर्षं त्या ही गोष्ट सांगत होत्या. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं होतं.

"थांबा, थांबा," रक्षिता म्हणाली. "आधी हात लावला, का आधी बरा केला?"

"काय?"

"आधी बरा केला आणि मग हात लावला आसंल न्हवं? नाहीतर त्यालाच झाला असता की."

तबीथाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर त्यांना माहीत होतं. गोष्टीत ते स्वच्छ लिहिलेलं होतं. पण आतल्या दाराच्या चौकटीला एस्तेरची सावली टेकली होती. ती ऐकत होती.

"आधी हात लावला," तबीथाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"रोग असताना?"

"व्हय. असतानाच."

रक्षितानं गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "धाडसच की," ती म्हणाली, आणि मुली उठून खेळायला गेल्या.

तबीथाबाईंनी सतरंजी झाडली, घडी केली आणि स्वयंपाकघरात आल्या. फळीवर तो पेला आपल्या जागी होता, वीतभर लांब. त्यांनी तो घेतला, माठातलं पाणी भरलं आणि ओठांपर्यंत नेला. डॉक्टरीणबाईंचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. गोष्ट तर आत्ताच सांगून झाली होती. पेला ओठांपाशी आला आणि तिथंच थांबला. हात पुढं जाईना. पाण्यात छपराचा कवडसा हलत राहिला. शेवटी त्यांनी पेला खाली ठेवला आणि मान वळवली. दारात एस्तेर उभी होती.

"ऱ्हाऊ द्या, आत्या," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची.

"एस्तेर, मी तुला फसवलं. त्याचं नाव पुढं केलं आणि तुला येगळं पाडलं."

"मला पहिल्या दिवसापासनं ठावं हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुम्ही रडत दिला हुता. म्हटलं, रडत्यात तर खऱ्या, घेऊ या." तिनं भिंतीला डोकं टेकलं. "परवा मुद्दाम पाणी आणलं त्या पेल्यातनं. तुम्ही लई मोठ्यानं बोलत हुता."

तबीथाबाई पाटावर बसल्या. चुलीवर काहीच नव्हतं आणि घरात मळीचा वास भरला होता. प्रभूभोजनाआधीचा, बावीस वर्षांतला हा पहिला असा शनिवार.

"उद्या चर्चला येतीस?"

"शेवटच्या बाकड्यावर?"

"व्हय. शेवटच्या. मी तुझ्याबी नंतर बसंन. पेला आधी तू घे. मग मी घेईन."

एस्तेर हसली. ते हसू चांगलं नव्हतं. "घरात जमंना, आणि तिथं चारचौघांत जमंल व्हय?"

"जमंल का न्हाय, मला म्हाईत न्हाय," तबीथाबाई म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? न्हाय जमलं तर समद्यांच्या समोर जमणार न्हाय, एवढंच. पर तू चल. एकटीनं मला जमायचं न्हाय."

रविवारी सकाळी एस्तेर पांढरी साडी नेसून सोप्यात उभी होती. साडी अंगावर लोंबत होती. तिच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

चर्चमध्ये त्या शिरल्या तेव्हा बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली आणि पुन्हा सुरू झाली. दोघी शेवटच्या बाकावर बसल्या. भिंतीकडच्या टोकाला तबीथाबाई, त्यांच्या अलीकडे एस्तेर. पुढचा बाक रिकामा राहिला. गाणी झाली, पाळकसाहेबांचं प्रवचन झालं. विषय काय होता हे तबीथाबाईंना नंतर आठवलं नाही. त्या पहिल्या बाकापासून मोजत होत्या. अकरा बाक, मग आपण.

पुरुषांची बाजू आटोपली आणि हंबीरराव पेला घेऊन बायकांकडे निघाले. एका हातात पेला, दुसऱ्या हातात पांढरा रुमाल. एकीचा घोट झाला की रुमालानं काठ पुसायचा आणि पेला दुसरीकडे द्यायचा, ही तिथली जुनी रीत. सात बाक झाले. नऊ झाले. पेला जवळ येत गेला. आपण उठून बाहेर जावं, चक्कर आली म्हणावं, कुणी काही म्हणणार नाही, असं तबीथाबाईंच्या मनात आलं. त्यांनी डोळे मिटले. त्या मनात म्हणाल्या, प्रभू, मला भीती वाटते. शुक्रवारचीच प्रार्थना. या वेळी मात्र त्यांच्या लक्षात आलं की दोन दिवस आपण हे कुणाला तरी सांगतोय, आणि ज्याला सांगतोय तो उठून गेलेला नाही.

हंबीरराव समोर उभे होते. त्यांनी एस्तेरला पेला दिला. द्यायची पद्धत नेहमीचीच होती, बोटं मात्र तळाला धरलेली, तिच्या बोटांपासून लांब. तिनं घोट घेतला आणि पेला परत केला. हंबीररावांनी रुमाल पुढं आणला.

तबीथाबाईंनी रुमालाच्या आधी हात घातला. त्यांनी पेला काढून घेतला. काठावर जिथं ओल होती तिथंच ओठ टेकवले आणि प्याल्या.

आकाश काही उघडलं नाही. रस फार गोड लागला. चिमणाबाईंनी साखर घातली होती. भीती होती तिथंच होती, छातीच्या खाली, दगडासारखी. फक्त घोट तिच्यावरून खाली गेला होता.

त्यांनी पेला हंबीररावांच्या हातात दिला. तळाशी थोडा रस उरला होता. उरलेला रस फिरवणाऱ्यानं प्यायचा, टाकायचा नाही, ही तिथली आणखी एक रीत. हंबीरराव पेल्यात बघत उभे राहिले. पुढच्या बाकांवरच्या माना मागं वळल्या. त्यांनी रुमालाची घडी केली आणि ती खिशात घातली. मग पेला हातात अर्धा फिरवला, पलीकडचा काठ तोंडाशी आणला, डोळे घट्ट मिटले आणि एरंडेल पितात तसा एका दमात रस पिऊन टाकला. डोळे उघडले तेव्हा ते कुणाकडेच न बघता पाठमोरे चालत गेले. त्यांचे कान लाल झाले होते.

चर्च सुटल्यावर अंगणात बायका घोळक्यानं उभ्या होत्या. घोळका त्यांच्याकडे आला नाही. चिमणाबाई एकटी लांबून म्हणाली, "साखर जास्त पडली का हो?" तबीथाबाई म्हणाल्या, "साखर घालायचीच नसती." एवढंच बोलणं झालं. दोघी रस्त्याला लागल्या. औषध तितकंच लांब होतं, शमुवेल मातीत होता, आणि पुढच्या महिन्यात मनुके कुणाकडे जातील हे कुणी सांगितलं नव्हतं.

घरी तबीथाबाईंनी भाकरी थापल्या, पिठलं केलं. एस्तेरनं ताटं घेतली, पाणी भरलं. तबीथाबाई हात धुऊन ताटावर आल्या आणि थांबल्या. शमुवेलच्या नावाचा पेला त्यांच्या ताटाशी होता. एस्तेरच्या ताटाशी दुसराच कुठला तरी.

एस्तेर हात मांडीवर ठेवून बघत होती.

तबीथाबाईंनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. आतलं काहीतरी पुन्हा मागं ओढायला लागलं, आज सकाळी ओढत होतं तसंच. त्यांनी पेला उचलला. वेळ लागला, पण अर्धा पेला पाणी त्या प्याल्या आणि पेला परत जागेवर ठेवला.

"पिठलं गार हुतंय," त्या म्हणाल्या.

एस्तेरनं भाकरी मोडली. चतकोर संपला, अर्धी संपली. मग तिनं सासूकडे न बघता उरलेली अर्धी पुढं ओढली आणि आणखी थोडं पिठलं वाढून घेतलं.